सरकारी झोप

माझ्या बायकोचा दिवस मी एकदा सरकारला सांगितला होता. तो चुकीचा सांगितला. ती चूक काढताना काय काय झालं ते लिहितो. मला लिहायची सवय नाही, तेव्हा जसं झालं तसंच लिहीन.

मी पंपाच्या कारखान्यात तपासनीस होतो. लेथवरून सुटे भाग उतरायचे, त्यांना गेज लावायचं, मापात असेल तर पास, नसेल तर लाल ठिपका. चौतीस वर्षं हेच केलं. आमच्याकडे एकच नियम होता, गेज लावल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. एका तपासनिसाने एकदा चाळीस भागांचे आकडे जागेवर बसून लिहिले होते. मी ते पकडलं आणि साहेबांना सांगितलं. त्याला दुसऱ्या दिवसापासून गोदामात टाकलं. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

सरकारला सांगितलं त्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. तिशी-पस्तिशीच्या असतील. खांद्याला पिशवी, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला दोरीने बांधलेलं पेन. सांख्यिकी कार्यालयातून आल्या होत्या. आमचं घर यादीत निघालं होतं म्हणे.

"कसली यादी?" मी विचारलं.

"वेळेची पाहणी आहे काका. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने कालचा अख्खा दिवस कसा घालवला ते लिहायचं. बायकांचा वेळ कशात जातो हे आजवर कुणी मोजलंच नाही. ते कळलं की मग पुढे कायदे, पगारी रजा, म्हाताऱ्यांसाठी केंद्रं, हे सगळं ठरवता येतं."

त्यांच्याकडे माणशी एक कागद होता. त्यावर अठ्ठेचाळीस चौकोन, अर्ध्या अर्ध्या तासाचा एक. आधी माझा कागद भरला. मी सगळं बारीक सांगितलं. बसला किती वेळ लागतो, चहा किती वाजता होतो, जेवणाची सुट्टी किती, आदल्या दिवशी एक खेप परत आली म्हणून अर्धा तास जास्त थांबलो होतो, तेही सांगितलं. बाईंनी भराभर लिहिलं. माझ्या कागदाला वीस-पंचवीस मिनिटं लागली.

"आता काकूंना बोलवा."

ती आत आईला आंघोळ घालत होती. माझी आई तेव्हा सत्त्याऐंशीची, डोक्याने फिरलेली. पाण्याचा आवाज येत होता, आई ओरडत होती, ही तिला काहीतरी समजावत होती. हे सगळं मला आणि बाईंना दोघांनाही ऐकू येत होतं.

"तिला कशाला? मी सांगतो की," मी म्हणालो. "ती घरीच असते."

बाईंनी घड्याळ बघितलं. "नियम असा आहे की ज्याचं त्याने सांगायचं."

"अहो, छत्तीस वर्षं झाली लग्नाला. तिचा दिवस मला माहीत नाही होय?"

मग मी सांगितलं. सहाला उठते, चहा, स्वयंपाक, डबा. झाडणं-पुसणं, कपडे. दुपारी दीड ते साडेपाच झोप. मग संध्याकाळचा स्वयंपाक, थोडा टीव्ही, दहाला परत झोप. बाईंनी विचारलं, "घरात कुणी आजारी, म्हातारं?" मी म्हणालो, "आई आहे. पण तिचं काही नसतं, ती पडूनच असते."

हिच्या कागदाला सहा मिनिटं लागली.

ती पदराला हात पुसत बाहेर आली तेव्हा सही तेवढी राहिली होती. तिने कागद हातात घेतला आणि उभ्याउभ्या वाचला.

"दीड ते साडेपाच झोप?" ती म्हणाली. "चार तास झोपते होय मी? बरं झालं सांगितलंत, मला पत्ताच नव्हता."

मी हसलो. बाई पण हसल्या, पण जरा ओशाळून. "काकू, बदलायचं असेल तर परत लिहू या."

"राहू दे. तुम्हाला अजून चार दारं वाजवायची असतील. आणि सरकार झोप देतंय तर मी कशाला नाही म्हणू?" तिने सही केली आणि आत गेली, कारण आईने परत हाक मारली होती.

त्यानंतर घरात तिला एक नवीन गंमत सापडली. मी चहा मागितला की म्हणायची, "थांबा, माझी सरकारी झोप चाललीय." चष्मा कुठे ठेवलाय विचारलं की, "झोपलेल्या माणसाला काय विचारता?" लेकीला फोनवर सांगितलं, "तुझ्या बाबांनी मला चार तास झोप मंजूर करून आणलीय." लेक दुसऱ्या शहरात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. ती फोनवर खो खो हसली. मीही हसायचो. मला वाटायचं गंमत चाललीय.

सात आठवड्यांनी ती गेली. सकाळी दूध तापत ठेवलं आणि ओट्याला टेकून खाली बसली. मी दाढी करत होतो. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मी ओरडलो, "अगं, दूध!" उत्तर आलं नाही. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, तिला काही कळलंसुद्धा नसेल. मला गॅस आधी बंद करावा की तिला उचलावं हे कळलं नव्हतं. मी गॅस आधी बंद केला. ते अजून आठवतं.

पाहुणे आले आणि गेले. लेक पंधरा दिवस राहिली. जाताना म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडून इथे येते. आजीला कोण बघणार?"

मी म्हणालो, "ये. तसं फार काही काम नाही. तिच्यापाशी बसायचं एवढंच."

तिने माझ्याकडे बघितलं. "एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. जाऊन देते," म्हणाली आणि गेली.

माझी सत्तर दिवसांची रजा साठली होती. ती घेतली आणि आईपाशी बसलो. बसलो म्हणजे काय, पहिल्या दोन दिवसांतच कळलं की बसायला मिळत नाही. पहाटे आईचं अंथरूण ओलं असतं. ते काढायचं, तिला पुसायचं, कोरडं घालायचं. तोवर ती म्हणते मला घरी जायचंय. हेच घर आहे म्हटलं की रडते. भरवायला पाऊण तास. घास गालात धरून ठेवते, गिळत नाही. गिळला की नाही हे बघत बसावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशीवर करायचं. औषधाच्या गोळ्या कुटून द्यायच्या, कारण अख्खी गोळी ती जिभेखाली लपवते आणि मग उशीखाली ठेवते. ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. सगळं माझ्या घरात, माझ्या आईचं, आणि मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईला आडवं केलं आणि मी बाहेरच्या खोलीत निघालो. तिने आपला डावा हात पुढे केला.

"बांध की," आई म्हणाली.

"काय बांधू?"

"काय बांधू म्हणे! रोजचं आहे, आणि विचारतोय." तिने उशीखाली चाचपलं आणि एक नाडी काढली. साधी पायजम्याची पांढरी नाडी. दोन्ही टोकांना फासे केलेले. एक तिने स्वतःच्या मनगटात अडकवला आणि दुसरा माझ्यापुढे धरला. "तू तिकडे झोप. मी उठले की तुला कळतं."

मी शेजारच्या सतरंजीवर आडवा झालो आणि नाडी मनगटात घातली. दहा मिनिटांनी हिसका बसला. आई उठून बसली होती, तिला दाराशी जायचं होतं. निजवली. परत दहा-पंधरा मिनिटांनी हिसका. आता म्हणे बाळ रडतंय. कुठलं बाळ, मला माहीत नाही. मीच असेन. साडेपाचपर्यंत मी मोजले, एकवीस हिसके. एकदाही डोळा लागला नाही.

सुट्टीच्या दिवशी मी बाहेर पेपर वाचत बसायचो आणि दारातून आत बघायचो तेव्हा ती आईशेजारी डोळे मिटून पडलेली दिसायची. अंगावर चादर असायची, नाडी दिसायची नाही. दोन पावलं आत टाकली असती तर दिसली असती.

मी चौतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते घरी केलं होतं. गेज न लावता आकडा लिहिला होता, आणि त्यावर तिची सही घेतली होती.

"ती कुठे गेली गं?" आई मलाच विचारायची. मला कधी मुलगी समजायची, कधी सून.

"बाहेर गेलीय."

"केव्हाची बाहेर आहे! तिला म्हणावं ये आता. तू फार घट्ट बांधतेस."

त्याच संध्याकाळी मी लेकीला फोन केला. "नोटीस दिलीस का?"

"उद्या देतेय."

"देऊ नकोस."

"का? तुम्हीच म्हणालात ये."

"मी म्हणालो फार काम नाही. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं. काम खूप आहे आणि ते माझ्या आईचं आहे, मी करेन."

ती मग म्हणाली, "आणि कारखाना?"

"तीन वर्षं राहिलीत. ती सोडतो. तुझी तीस राहिलीत."

"तुम्हाला जमणार नाही बाबा. तुम्हाला साधा वरचा डबा काढता येत नाही."

"शिकेन. तुझी आई काय पोटातून शिकून आली होती?"

ती रडली असं वाटलं, पण म्हणाली एवढंच, "डायपर मोठे आणा. आई मधले आणायची आणि ते गळायचे. मी तिला सांगून थकले, तिला वाटायचं मोठे महाग." असा आमचा विषय मिटला.

पण कागदाचा विषय माझ्या डोक्यातून जाईना. कुठल्यातरी कचेरीत तिच्या सहीचा एक कागद पडला होता आणि त्यावर लिहिलं होतं की ती दुपारी चार तास झोपते आणि म्हाताऱ्या माणसाचं काही करत नाही. ती आता स्वतः जाऊन सांगू शकत नव्हती. जो सांगू शकत होता त्यानेच ते लिहायला लावलं होतं. मला तो कागद नीट करून हवा होता. बाकी तिच्यासाठी करण्यासारखं मला काही उरलं नव्हतं.

कार्यालयात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सांगितलं, दहातल्या एका घरी फेरभेट असते, तुमचं नाव असेल तर येतील. ती जाऊन दोन महिने झाले तेव्हा एका मंगळवारी दार वाजलं. त्याच बाई, तोच पुठ्ठा.

"फेरभेट आहे काका. चारच प्रश्न. काकू कुठायत?"

मी सांगितलं. त्या दारातच थांबल्या. मग आत आल्या, बसल्या, पुठ्ठा उलटा करून मांडीवर ठेवला.

"चांगल्या होत्या हो. माझ्यावर हसल्या होत्या."

"माझ्यावर हसली होती," मी म्हणालो. "तुमच्याकडे तिचा कागद आहे का?"

होता. फेरभेटीला जुने कागद बरोबर द्यायचे. मी बघायला मागितला. चष्मा लावून वाचला. आठ चौकोनांत एकाखाली एक, झोप, झोप, झोप. आजारी व वृद्धांची सेवा, ह्यापुढे शून्य. खाली एक रकाना होता, 'माहिती कोणी दिली'. त्यात दोन चौकटी होत्या, 'स्वतः' आणि 'दुसऱ्याने'. खूण 'स्वतः'वर होती.

"हे चूक आहे," मी म्हणालो. "झोप नव्हती ती." आणि नाडीचं सगळं सांगितलं. आई शेजारच्या खोलीतच होती, तिला नाडीसकट दाखवलं. "मला हे बदलून हवंय."

"तुम्हाला नाही बदलता येणार काका. दुसऱ्याचा दिवस आपण सांगायचा नाही, असा नियम आहे."

"पहिल्यांदा मीच सांगितला होता. तेव्हा चाललं?"

त्या कागदावरच्या खुणेकडे बघत होत्या.

"तेव्हा चालायला नको होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "ती खूण मी केलीय. 'दुसऱ्याने'वर खूण केली की कागद परत येतो, परत घरी जा, बाईला गाठा. दिवसाला नऊ घरं करायची असतात. तुमचं त्या दिवशी तिसरंच होतं."

"मग आता?"

"आता दोनच गोष्टी होतात. एक तर कागद आहे तसा राहतो. नाहीतर तुम्ही लिहून द्यायचं की माहिती काकूंनी दिली नव्हती. मग तो रद्द होतो. काकू मोजणीतच राहत नाहीत."

"म्हणजे खोटी तरी मोजायची नाहीतर मोजायचीच नाही?"

"हो." मग पेनची दोरी बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "आणि लिहून दिलंत तर खोटी खूण कुणी केली हे निघणार. मी कंत्राटावर आहे काका. पुढच्या फेरीला मला घेणार नाहीत. सहा वर्षं करतेय मी हे. बायकांचा वेळ मोजायचा म्हणून आले होते." त्या हसल्या, पण ते काही हसणं नव्हतं. "माझ्या घरी कुणी मोजायला आलं असतं ना, तर आमच्या ह्यांनी सांगितलं असतं, ती काय, दिवसभर फिरत असते."

मी ज्याला गोदामात टाकायला लावलं होतं तो माणूस आठवला. त्यालाही काही सांगायचं असेल, मी विचारलं नव्हतं.

"गठ्ठा कधी बंद होतो?"

"शुक्रवारी संध्याकाळी."

"मग शुक्रवारी सकाळी या. मी विचार करतो."

तीन दिवस मी आईला कुशीवर वळवत विचार केला. इकडे माझी बायको, जी आता नाही. तिकडे एक बाई, जिची नोकरी आहे आणि जिला घरी कुणी विचारत नाही. कागद नीट करायचा तर दुसरीच्या पोटावर पाय. हिला विचारलं असतं तर काय म्हणाली असती हे मला पक्कं माहीत होतं. म्हणाली असती, राहू दे, तुम्हाला अजून चार दारं वाजवायची असतील. तिने तेव्हाही हेच केलं होतं, दुसऱ्याची सोय बघितली आणि खोट्यावर सही केली. तेच मला परत तिच्या नावाने करायचं नव्हतं. आणि बाईंचं नुकसानही करायचं नव्हतं. शुक्रवार उजाडला तरी माझं ठरलं नव्हतं. फार तर 'शेरा' म्हणून खाली एक रकाना होता, त्यात नाडीचं लिहा असं सांगणार होतो.

बाई साडेनवाला आल्या. डोळे सुजलेले, आवाज चढलेला.

"शेरा कुणी वाचत नाही," माझं ऐकून त्या म्हणाल्या. "मीच सहा वर्षं शेरे लिहितेय. आणि आता त्याचा उपयोग नाही. मी काल साहेबांना सांगून टाकलं."

"काय सांगितलं?"

"सगळं. तुमच्यामुळे झालं हे, काका. तुम्ही ती नाडी दाखवलीत नसती तर मी सुखाने झोपले असते. मंगळवारी घरी गेले, गठ्ठा काढला आणि आठवून आठवून बघितलं. बाई आत होती आणि नवरा सांगत होता, सासरा सांगत होता, एका ठिकाणी तर चौदा वर्षांचा मुलगा सांगत होता आणि मी 'स्वतः'वर खूण केली. एकतीस कागद निघाले. तुमचा एकच असता तर गप्प बसले असते, खोटं कशाला बोलू."

"साहेब काय म्हणाले?"

"ओरडले. मग म्हणाले, ह्या फेरीत तू एकटीच शहाणी नसशील, सगळ्यांचे गठ्ठे उघडायला लागणार. बंद करायची तारीख तीन आठवडे पुढे गेली. मला एकतीसही घरी परत जायचंय, आणि बाईशी एकटीशी बोलायचंय, दार लावून. पुढच्या फेरीचं बघू म्हणाले. बघू म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच."

"मी साहेबांना चिठ्ठी देऊ का? तुम्ही आपणहून सांगितलं म्हणून?"

"द्या. वाचतील की नाही माहीत नाही." त्यांनी पिशवीतून कागद काढले. "तीस जणी परत सांगतील काका. काकूंचा मात्र रद्दच करावा लागेल. ते माझ्या हातात नाही."

त्यांनी तिचा कागद माझ्यापुढे ठेवला. वर 'रद्द' असा शिक्का होता, खाली माझ्या सहीची जागा. तिची सही तशीच होती, थोडी तिरकी, घाईत केलेली. मी बराच वेळ बघत बसलो. मला वाटत होतं की मी तिला स्वतःच्या हाताने घरातून काढतोय. पण आमच्या कारखान्यात न मोजलेला भाग पेटीत राहू देत नाहीत. तो कितीही चांगला असला तरी बाजूला काढतात, कारण आकडा खोटा असतो. मी सही केली.

"घर मात्र यादीत आहे," बाई म्हणाल्या. "आता घरात जे आहेत त्यांचा कागद भरायचा. तुमचा. कालचा दिवस."

मी सांगायला लागलो. मध्ये दोनदा उठून आईला बघून आलो. एकदा आईने बाईंनाच आत बोलावलं आणि सून समजून झापलं, "इतके दिवस कुठे होतीस? ह्याला नीट भरवता येत नाही." बाई म्हणाल्या, "आले ना, आता शिकवते त्याला." आणि खरंच घास कुठल्या बाजूने द्यायचा ते दाखवलं. त्यांची सासू अशीच होती म्हणे. माझ्या कागदाला ह्या वेळी दीड तास लागला. दुपारचे आठ चौकोन आले तेव्हा त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सेवा लिहा." त्यांनी आठही चौकोनांत लिहिलं. शेवटी 'माहिती कोणी दिली' इथे 'स्वतः'वर खूण केली, आणि ती खूण जरा जोरात केली.

मग तीन आठवड्यांनी कार्यालयातून फोन आला. मी ओट्याशी आईच्या गोळ्या कुटत होतो. एका तरुण मुलीचा आवाज होता. ती कचेरीत कागद संगणकात भरते.

"काका, तुमच्या कागदावर थोडी शंका आहे. आजारी व वृद्धांची सेवा साडेनऊ तास आलीय. आणि वर लिंग पुरुष आहे. कुणाचा कागद चुकून तुमच्या नावावर आलाय का? घरातल्या बाईंचा वगैरे?"

"घरात बाई नाही. माझी आई आहे, तिचीच सेवा आहे ती."

"म्हणजे बरोबर आहे?"

"बरोबर आहे. तुम्हाला शंका का आली?"

"मला नाही हो आली. पुरुषाच्या कागदावर चार तासांच्या वर सेवा आली की संगणक पुढे जाऊ देत नाही. विचारून खात्री करा म्हणतो."

"आणि बाईच्या कागदावर साडेनऊ तास आले तर?"

"तर जातो पुढे."

"माझ्या बायकोचा कागद तुमच्याकडे होता. घरात सत्त्याऐंशी वर्षांची आजारी सासू, सेवा शून्य, दुपारी चार तास झोप. तेव्हा थांबला होता का तो?"

बटणं दाबल्याचा आवाज आला. बहुतेक ती बघत होती. "नाही काका," ती म्हणाली. "तो पुढे गेला होता. आता रद्द दिसतोय." आणि मग हळू आवाजात, "मी हे वर कळवू का? की तो इथे थांबला नाही म्हणून? विचारतेय कारण तुमच्या घरचं आहे."

"कळवा."

"बरं. मग तुमचा मी 'बरोबर' करून टाकते."

"असं नका करू," मी म्हणालो. "तुम्ही मला बघितलं नाही, माझं घर बघितलं नाही. विचारून खात्री करा म्हणतोय ना तो? मग विचारा. एकेक चौकोन विचारा."

"अठ्ठेचाळीस चौकोन आहेत काका."

"मला माहीत आहे किती आहेत ते. मी फोन धरतो."

ती हसली. मला वाटलं ठेवून देईल. पण कागद सरकवल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला. मी कुटलेली गोळी चमच्यात काढली, फोन खांद्याशी धरला आणि आईच्या खोलीत जाऊन बसलो.

"पहाटे साडेपाच ते सहा?" तिने विचारलं.

"आईचं अंथरूण बदललं," मी म्हणालो.